नाशिकहून अवजड व अवाढव्य माल हलवताना : परवानग्यांची तयारी कशी करावी

अंबड, सातपूर, सिन्नर किंवा गोंदे येथील कारखान्यातून पॉवर ट्रान्सफॉर्मर, बॉयलरचा ड्रम, साखर कारखान्यासाठी बनवलेले मोठे पात्र किंवा वायनरीची पोलादी टाकी बाहेर काढायची वेळ आली, की पहिला फोन ट्रान्सपोर्टरला जातो आणि ‘परमिटचे काय ते तुम्ही बघा’ असे सांगून कारखाना मोकळा होतो. ही पद्धत सोयीची असली तरी परवानगीसाठी जी माहिती लागते, म्हणजे मालाचे नेमके वजन, त्याची बाहेरची मापे, गुरुत्वमध्य आणि तो माल सुटा करता येतो की नाही याचे उत्तर, ती ट्रान्सपोर्टरकडे नसून कारखान्याकडे असते. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा याच माहितीवर. म्हणून पुढील मार्गदर्शन मुख्यतः माल पाठवणाऱ्यासाठी लिहिले आहे. अनुभवी ट्रान्सपोर्टरला यातील बरेच काही ठाऊक असेल.

मर्यादा नेमकी कुठे ओलांडली जाते

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ९३ मध्ये वाहनाच्या मापांच्या मर्यादा दिलेल्या आहेत. रुंदी २.६ मीटर, जोड नसलेल्या साध्या ट्रकची लांबी १२ मीटर आणि मालवाहू वाहनाची उंची ४ मीटर, हे तीन आकडे सर्वांत आधी लक्षात ठेवावेत. उंचीची मर्यादा २०२० च्या दुरुस्तीपूर्वी ३.८ मीटर होती, त्यामुळे जुन्या तक्त्यांवर विसंबू नये. वजनाच्या बाबतीत जुलै २०१८ च्या अधिसूचनेने ॲक्सलनिहाय मर्यादा वाढवल्या असून तीन ॲक्सलच्या ट्रकसाठी एकूण वजन २८.५ टनांपर्यंत आणि ट्रॅक्टर-ट्रेलरसाठी जास्तीत जास्त ५५ टनांपर्यंत जाते. परंतु आपल्या गाडीला लागू होणारा आकडा म्हणजे तिच्या आरसीवर नोंदलेले वजन होय. अधिसूचनेतील कमाल आकडा वाचून जुन्या पासिंगच्या गाडीवर तेवढा माल चढवता येत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११३ मध्ये वजनाची बंधने असून ती मोडल्यास कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये दंड, प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये आणि जादा माल उतरवण्याचा खर्च, असा हिशेब होतो. माल बाजूने, पुढे, मागे किंवा वर मर्यादेबाहेर गेल्यास त्याच कलमाच्या पोटकलम १-अ नुसार वेगळा २०,००० रुपयांचा दंड आहे, आणि वजन करून घेण्यास नकार देऊन गाडी न थांबवल्यास ४०,००० रुपये. यातील पोटकलम १-अ मध्येच सक्षम प्राधिकाऱ्याने सूट दिलेल्या वाहनाला वगळण्याची तरतूद आहे, आणि रुंद किंवा उंच मालाच्या परवानगीचा कायदेशीर आधार तेथे सापडतो.

‘दंड भरला की पुढे जाता येते’ हा समज मात्र सोडून द्यावा. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये परमजित भसीन प्रकरणात स्पष्ट केले आहे की दंड किंवा तडजोड शुल्क भरल्याने जादा भार वैध ठरत नाही. तो उतरवलाच पाहिजे. धान्याची पोती रस्त्याच्या कडेला उतरवता येतील, पण पन्नास टनांचा ट्रान्सफॉर्मर घोटीजवळ कडेला उतरवायचा म्हणजे क्रेन मागवणे आले, आणि ती क्रेन येईपर्यंत महामार्ग तुंबणे आले.

सुटा होणारा माल आणि न होणारा माल

परवानगीच्या साऱ्या व्यवस्थेमागे एकच गृहीतक आहे : हा माल तुकड्यांत नेता येत नाही. म्हणून दोन छोटे ट्रान्सफॉर्मर एका ट्रेलरवर ठेवून जादा वजनाची परवानगी मागणे निरर्थक ठरते. अर्जासोबत जोडायच्या कारखान्याच्या पत्रात माल अविभाज्य का आहे हे एका वाक्यात तरी सांगावे, आणि जे सुटे होऊ शकते ते खरोखर सुटे केले आहे हेही लिहावे. पॉवर ट्रान्सफॉर्मरचे बुशिंग, रेडिएटर आणि कन्झर्व्हेटर काढून वेगळ्या गाडीने पाठवतात, तेल काढून टाकीत नायट्रोजन किंवा कोरडी हवा भरतात, आणि धक्क्यांची नोंद ठेवणारे यंत्र बसवतात. तेल काढल्याने वजनात आणि बुशिंग काढल्याने उंचीत जो फरक पडतो, तो कित्येकदा मार्ग बदलण्याइतका मोठा असतो.

मापे घेताना रेखाचित्रावरील आकड्यांवर न थांबता तयार मालावर फीत लावावी. टाकीचा व्यास ३.४ मीटर असे रेखाचित्र सांगते; पण तिच्या अंगावरचे नोझल, शिडीचे कोन आणि उचलण्याचे कान धरले तर रुंदी सहज वीस सेंटिमीटरने वाढते. असे भाग शक्यतो जागेवर नेऊन बसवावेत. उंचीचा हिशेब तर गाडीसह करायचा असतो. हीच टाकी दीड मीटर उंचीच्या साध्या ट्रेलरवर पंधरा सेंटिमीटरच्या आधारांवर ठेवली तर जमिनीपासून माथा ५.०५ मीटरवर जातो, साधारण ०.९ मीटर उंचीच्या लो-बेडवर ठेवली तर तो ४.४५ मीटरवर राहतो. मर्यादा दोन्हीकडे ओलांडली जातेच, पण पहिल्या स्थितीत विजेच्या तारा आणि जुने पूल अडवतात, तर दुसऱ्या स्थितीत त्यांतील बहुतेक अडथळे उरत नाहीत. लो-बेडचे भाडे जास्त म्हणून साधा ट्रेलर ठरवणाऱ्याने वाटेतल्या तारा सोडवण्याचा खर्चही त्याच कागदावर मांडून पाहावा.

वजनासाठी प्रमाणित वजनकाट्याची पावती हवी. माल काट्यावर चढण्यापलीकडचा असेल, तर उत्पादकाचे वजन-प्रमाणपत्र आणि गुरुत्वमध्य दाखवणारे रेखाचित्र द्यावे. हायड्रॉलिक ॲक्सलच्या मॉड्युलर, म्हणजे भाग जोडून तयार होणाऱ्या, ट्रेलरसाठी आठ टायरच्या प्रत्येक ओळीवर कमाल १८ टनांचा भार धरला जातो, आणि या हिशेबात ट्रेलरचे स्वतःचे वजन मोजावेच लागते. उदाहरणादाखल, ऐंशी टनांचा माल आणि सुमारे तीस टनांचा आठ ओळींचा ट्रेलर असेल तर प्रत्येक ओळीवर १३.७५ टन येतात, म्हणजे मर्यादेत. त्यात पंचवीस टनांचा पुलर, म्हणजे ट्रेलर ओढणारे वाहन, मिळवला की एकूण वजन १३५ टन होते, आणि पुलाच्या तपासणीसाठी हाच आकडा अर्जात लिहायचा असतो. नुसते मालाचे ऐंशी टन लिहिलेला अर्ज परत येतो, आणि न येता मंजूर झाला तर ते अधिकच वाईट, कारण रस्त्यावरच्या गाडीचे वजन आणि परवान्यावरचे वजन जुळत नाही.

रस्ता कोणाचा, परवानगी त्याची

महामार्गाची परवानगी हाती आली की काम झाले, असे समजून निघालेली गाडी कारखान्याच्या गल्लीतच अडकू शकते. नाशिकच्या एखाद्या कारखान्यापासून न्हावा शेवा बंदरापर्यंत जाताना रस्त्याचे मालक किती वेळा बदलतात ते पाहावे. औद्योगिक वसाहतीतले अंतर्गत रस्ते, महापालिकेचे रस्ते, मग राष्ट्रीय महामार्ग १६०, आणि पुढे ठाणे-भिवंडी भागातले निराळे प्राधिकारी. पुण्याकडे किंवा धुळ्याकडे जायचे असेल तर राष्ट्रीय महामार्ग ६०, पेठमार्गे गुजरातेत उतरायचे असेल तर राष्ट्रीय महामार्ग ८४८. राज्यमार्गासाठी सार्वजनिक बांधकाम विभाग, ग्रामीण रस्त्यासाठी जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग आणि समृद्धी महामार्गासाठी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, अशी ही वाटणी आहे. इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून अनेकांना समृद्धी हा कसाऱ्याच्या घाटाला पर्याय वाटतो. मात्र त्या टप्प्यात सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे, त्यामुळे उंच किंवा रुंद मालासाठी तो पर्याय गृहीत धरण्याआधी महामंडळाकडून लेखी उत्तर घ्यावे.

म्हणून अर्जाच्या आधी एक साधा तक्ता करावा : कोठून कोठपर्यंत, किती किलोमीटर, रस्ता कोणाच्या ताब्यात, त्यावर पूल आणि मोऱ्या किती, कोणाचे पत्र लागेल. हा तक्ता एकदा नीट झाला की उरलेले काम पत्रव्यवहाराचे राहते.

राष्ट्रीय महामार्गांसाठी केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने ऑनलाइन पोर्टल सुरू केलेले आहे. तेथे वाहतूकदाराची नोंदणी करून पुलर आणि ट्रेलरचे नोंदणी क्रमांक, ॲक्सलची संख्या व त्यांतील अंतरे, मालाची मापे, एकूण वजन आणि महामार्ग क्रमांकांसह मार्ग भरावा लागतो. सोबत आरसी, फिटनेस प्रमाणपत्र, विमा, परमिट, पीयूसी, भार कसा ठेवला आहे हे दाखवणारे रेखाचित्र आणि रस्त्याची किंवा पुलाची हानी झाल्यास भरपाई देण्याचे हमीपत्र तयार ठेवावे. फिटनेस आणि विमा यांची मुदत प्रवासाच्या अपेक्षित तारखेनंतरही किमान महिनाभर शिल्लक असावी, कारण प्रवास पुढे ढकलला जाणे या धंद्यात नित्याचे आहे. गाडीच्या कागदपत्रांत काही त्रुटी असेल, तर पेठ रस्त्यावरील प्रादेशिक परिवहन कार्यालयात ती आधी दुरुस्त करून घ्यावी. पोर्टलवर अर्ज गेल्यानंतर आरसीतील ॲक्सलची नोंद बदलायला लागणे म्हणजे सगळे पुन्हा पहिल्यापासून.

पुलांचा मुद्दा समजून घेतला तर अभियंत्यांचे प्रश्न जाचक वाटत नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी : ६ या, पुलांवर धरायचे भार ठरवणाऱ्या संहितेत ३८५ टनांच्या विशेष वाहनाचा भार आता समाविष्ट आहे, पण तो अलीकडच्या पुलांसाठी, जुने पूल ७०-आर किंवा त्याहूनही जुन्या भारवर्गासाठी बांधलेले आहेत, आणि ७०-आर वर्गातील चाकांच्या वाहनाचा भार शंभर टनांचा धरलेला असतो. शिवाय त्या विशेष वाहनासाठी संहितेने ठरवलेल्या अटी पाहाव्यात : पुलावर वेग ताशी ५ किलोमीटरपेक्षा जास्त नको, गाडी रस्त्याच्या मध्यरेषेजवळून न्यायची आणि त्या वेळी पुलावर दुसरे वाहन नको. ब्रेक लावल्याने येणारा भार हिशेबात धरलेलाच नसतो, याचा अर्थ पुलावर ब्रेक लावायचा नाही. परवानगीपत्रात या अटी छापील मजकुरासारख्या येतात आणि चालकाला कोणी त्या वाचून दाखवत नाही. त्या मराठीत किंवा चालकाला कळेल त्या भाषेत एका पानावर लिहून केबिनमध्ये लावाव्यात. वाटेतला एखादा पूल कमकुवत म्हणून नोंदलेला असेल, तर त्याला वळसा देणारा मार्ग अर्जातच सुचवावा. ‘कळवा, मग पाहू’ असे म्हटल्याने वेळ दुप्पट जातो.

मार्गाची पाहणी

संपूर्ण प्रक्रियेत सर्वांत जास्त वेळ द्यावा तो या कामाला. एका छोट्या गाडीवर मालाच्या उंचीपेक्षा वीस-तीस सेंटिमीटर जास्त उंचीची काठी उभी बांधून संपूर्ण मार्गावरून जावे, आणि काठी जिथे अडेल तिथे किलोमीटर दगडासह नोंद व छायाचित्र घ्यावे. नव्या महामार्गांवर पुलाखालची मोकळी उंची साडेपाच मीटर धरलेली असते. पण फलकावर लिहिलेली उंची ही पूल बांधला तेव्हाची असून त्यानंतर खालच्या रस्त्यावर डांबराचे किती थर चढले हे फलक सांगत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष मोजावे. तारांच्या जवळ लाकडी किंवा फायबरचीच काठी वापरावी आणि उच्चदाबाच्या तारेजवळ तीही नेऊ नये. तेथे उंची विचारून घ्यावी.

शहरातली वळणे उंचीपेक्षा जास्त त्रास देतात. अंबडकडून महामार्गावर येताना गरवारे पॉइंट किंवा पाथर्डी फाटा, सातपूरकडून त्र्यंबक रस्त्यावरचे चौक आणि पुण्याकडे जाताना द्वारका परिसर, या ठिकाणी लांब ट्रेलरचे मागचे टोक कोणत्या रेषेतून फिरते हे कागदावर काढून पाहावे. दुभाजक थोडा काढावा लागणार असेल किंवा सिग्नलचा खांब हलवावा लागणार असेल, तर महापालिकेचे पत्र आणि पुन्हा बसवून देण्याची हमी लागते. फांद्या छाटायच्या असतील तर महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्यावी. शहरी भागातील झाडांसाठी १९७५ चा स्वतंत्र राज्य कायदा आहे, आणि रात्रीत कोयता चालवून काम उरकण्याचा मोह महागात पडतो.

वितरणाच्या तारांसाठी महावितरणच्या त्या त्या उपविभागाकडे अर्ज करावा. पुरवठा काही वेळ बंद ठेवून तारा उचलण्याचे वेळापत्रक तेच ठरवतात. १३२ केव्ही आणि त्यावरच्या वाहिन्या महापारेषणच्या. रेल्वेचे फाटक ओलांडायचे असेल तर नाशिक रोडचा भाग मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येतो, आणि फाटकावर २५ हजार व्होल्टची तार असल्याने रेल्वेचे कर्मचारी हजर असल्याशिवाय उंच माल नेण्याचा विचारही करू नये. या परवानगीला सर्वांत जास्त वेळ लागतो असे गृहीत धरून, फाटक टाळून उड्डाणपुलाचा मार्ग मिळत असेल तर दहा-पंधरा किलोमीटरचा वळसा स्वस्त पडतो असे माझे मत आहे.

घाटांचा विचार वेगळा करावा लागतो. कसारा घाटात जाण्याचे आणि येण्याचे मार्ग निराळे आहेत. आपली गाडी कोणत्या बाजूने उतरणार हे महामार्ग पोलिसांशी बोलून ठरवावे, आणि उतारासाठी मागे दुसरा पुलर जोडायचा असल्यास त्याचे वजन व क्रमांक अर्जात आधीच द्यावेत. धुळ्याच्या बाजूला चांदवडजवळचा राहुड घाट, पुण्याच्या बाजूला संगमनेरजवळचा चंदनापुरी घाट आणि पेठ रस्त्यावरचा सावळघाट यांचीही पाहणी करावी. इगतपुरी-कसारा पट्ट्यातला पाऊस पाहता जुलै-ऑगस्टमध्ये अतिअवजड मालाची तारीख न ठरवणे शहाणपणाचे.

तारीख, पोलीस आणि ई-वे बिल

कलम ११५ खाली जड वाहनांच्या प्रवेशावर वेळेचे निर्बंध घालता येतात. शहरासाठी नाशिक पोलीस आयुक्तालयाची वाहतूक शाखा, शहराबाहेर ग्रामीण पोलीस आणि महामार्गावर महामार्ग पोलीस, या तिघांनाही मार्ग, तारीख व वेळ कळवणारे पत्र परवानगीपत्राच्या प्रतीसह द्यावे आणि बंदोबस्त हवा असल्यास त्याच पत्रात मागावा. तारीख ठरवताना स्थानिक पंचांग समोर असावे. पौष महिन्यातली निवृत्तिनाथांची यात्रा, श्रावणातले सोमवार, सप्तशृंगगडाचा चैत्रोत्सव आणि गणेश विसर्जन या दिवसांत त्या त्या रस्त्यांवर वाट मिळत नाही. पिंपळगाव बसवंतच्या बाजूला कांदा व टोमॅटोच्या आवकेच्या दिवसांत सकाळची वेळ टाळावी. सिंहस्थ कुंभमेळ्याचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी असून २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये प्रमुख अमृतस्नाने आहेत, तेव्हा त्या दोन महिन्यांत माल देण्याचा करार करूच नये. त्याआधीही रस्त्यांच्या कामांमुळे आज मोजलेली रुंदी पुढच्या महिन्यात तेवढीच असेल याची खात्री नाही, म्हणून निघण्याच्या दोन दिवस आधी पाहणी पुन्हा करावी.

जीएसटीखाली मालासोबत लागणाऱ्या ई-वे बिलाबाबत एक बारकावा फार उपयोगी आहे. नेहमीच्या वाहतुकीत बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते, परंतु नियम ९३ ची मापे ओलांडणाऱ्या अविभाज्य मालाला दर २० किलोमीटरला एक दिवस मिळतो. नाशिक ते न्हावा शेवा हे साधारण दोनशे किलोमीटरचे अंतर धरले तर पहिल्या प्रकारात एक दिवस आणि दुसऱ्या प्रकारात दहा दिवस. मात्र ही सवलत आपोआप मिळत नाही. बिलाच्या भाग ‘ब’ मध्ये वाहनाचा प्रकार निवडताना ओव्हर डायमेन्शनल कार्गो हाच पर्याय निवडावा लागतो, आणि तो कारखान्याच्या लेखा विभागातल्या मुलाला कोणी सांगितलेला नसतो. तरीही मुदत अपुरी पडली तर ती संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत वाढवून घ्यावी.

प्रत्यक्ष निघताना मालाच्या चारही कोपऱ्यांना दिवसा लाल निशाणे, रात्री लाल दिवे, पुढे आणि मागे पायलट गाड्या, आणि सर्व परवानगीपत्रांच्या दोन-दोन छापील प्रती असाव्यात. मोबाइलमधली प्रत घाटात उघडत नाही. टोलनाक्यावर, मग तो घोटीचा असो, शिंदे येथील असो की पिंपळगावचा, डावीकडच्या टोकाची रुंद मार्गिका वापरावी आणि नाक्याच्या व्यवस्थापकाला आदल्या दिवशी कळवावे. सात किंवा अधिक ॲक्सलचे वाहन टोलच्या दरपत्रकात वेगळ्या गटात येते, त्यामुळे फास्टॅगचा वर्ग योग्य आहे का हेही तपासावे. परवानगीपत्रावरचा वाहन क्रमांक आणि रस्त्यावरचा क्रमांक एकच असला पाहिजे. पुलर बिघडून दुसरा आणला तर त्याची नोंद करून घेतल्याशिवाय गाडी हलवू नये.

परवानगीत परतीच्या प्रवासाचा उल्लेख आहे का, हे अर्ज करतानाच पाहावे. मॉड्युलर ट्रेलर साधारण तीन मीटर रुंद असतो, त्यामुळे माल उतरवल्यावर रिकामा ट्रेलर परत आणतानाही रुंदीचा प्रश्न उभा राहू शकतो. अनेक वाहतूकदार म्हणूनच ट्रेलरचे भाग सुटे करून ते साध्या ट्रेलरवर लादून नाशिकला परत आणतात, आणि त्यासाठी उतरवण्याच्या जागी क्रेन आणखी अर्धा दिवस थांबवावी लागते. तो खर्च भाड्याच्या कोटेशनमध्ये धरला आहे की नाही, हे ट्रान्सपोर्टरला आधीच विचारावे.